ऐकूं येतें, पण कळत नाहीं

श्रोतेहो, मी ज्या खोलींत बसून बोलत आहें तिच्या भिंतींना जाड, मऊ अस्तर लावलेलें आहे. दार घट्ट बंद आहे, आणि माझा स्वतःचा श्वासोच्छ्वाससुद्धां मला ऐकूं येत आहे. आपण मात्र अशा खोलींत बसलेले नाहीं, हें मला पक्कें ठाऊक आहे. कोणाच्या स्वयंपाकघरांत कुकरची शिटी होत असेल, कोणाच्या डोक्यावर पंखा घरघरत असेल, शेजारच्या खोलींत मुलें भांडत असतील, रस्त्यावर मोटारींचे कर्णे वाजत असतील. तरीहि आपणांपैकीं बहुतेकांना माझा शब्द न् शब्द कळत आहे, आणि तो कसा कळतो याचा विचार करण्याची वेळ आपणांवर कधीं आलेली नसेल. परंतु एखाद्या घरीं एक तरी व्यक्ति अशी असेल कीं, जिनें आतांच खुर्ची पुढें ओढली, भुंवया आकसल्या आणि घरांतल्यांना म्हटलें, "जरा तो पंखा बंद करा पाहूं." आजचें माझें बोलणें मुख्यतः त्या व्यक्तीशीं आहे, कारण मीहि तिच्याच पंगतींतला आहें.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. वय पंचेचाळिशीच्या आंतबाहेर. चार-पांच वर्षांपूर्वीं माझ्या ध्यानांत येऊं लागलें कीं, वर्गांतील मागच्या बांकावरून विचारलेला प्रश्न मला नीटसा समजत नाहीं. आवाज येतो, कोण बोललें तें कळतें, पण शब्द हातांतून निसटतात. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, तह कां झाला?" मीं "कर कां झाला?" असें ऐकलें, आणि मराठ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीवर दहा मिनिटें व्याख्यान दिलें. मुलें निमूटपणें लिहून घेत राहिलीं. प्रश्न टाळण्याची ही प्राध्यापकी हातोटी आहे, असा त्यांचा समज झाला असावा. उपाहारगृहांत चार मित्र बसले म्हणजे मी हळूहळू गप्प होतों, सर्व हंसले कीं हंसतों, आणि घरीं परततांना डोकें असें दुखतें कीं जणूं दिवसभर ओझीं वाहिलीं. अखेर मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं मला पेटीएवढ्या बंद खोलींत बसविलें, कानांवर फोन चढविले, आणि बारीक 'पीं' असा आवाज आला कीं बटण दाबावयास सांगितलें. अर्ध्या तासानें माझ्या हातीं एक कागद आला. त्यावरील रेघा पाहून डॉक्टर प्रसन्नपणें म्हणाले, "कान उत्तम आहेत. जरा लक्ष देऊन ऐकत जा." घरीं हा निकाल सांगितल्यावर सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे फक्त मी बोलतें तेंच तुम्हांला ऐकूं येत नाहीं, होय ना?"

आतां मला आपणांस एका गांवीं न्यावयाचें आहे. गोंदिया जिल्ह्यांत, तिरोडा तालुक्यांत, चोरखमारा म्हणून गांव आहे. नागझिऱ्याच्या जंगलाला तें लागून आहे. हें जंगल १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१३ पासून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. जंगलांत शिरण्याचा एक दरवाजा चोरखमाऱ्याकडूनच आहे. गांवाजवळ टेकड्यांच्या कुशींत एक विस्तीर्ण तलाव पसरलेला आहे. भंडारा-गोंदियाचा हा मुलूखच तलावांचा. मालगुजारांच्या काळचे तलाव, लहानसहान बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारें धान, ही तिकडची दौलत. तेथें माझी मावशी राहते. तिच्या नातीचें लग्न मे महिन्यांत होतें, म्हणून मी आदल्या दिवशीं संध्याकाळीं जाऊन पोहोंचलों.

त्या संध्याकाळीं मी आणि माझा मावसभाऊ तलावाच्या पाळीवर फिरावयास गेलों. उन्हाळ्याचे दिवस, वारा पडलेला. पलीकडच्या कांठावर टिटवी ओरडली तें स्पष्ट ऐकूं आलें. सागाचें एक वाळलेलें पान फांद्यांना घासत खालीं आलें, त्याचाहि आवाज मला आला. अंधार पडल्यावर रातवा पक्ष्याचें एकसुरी टकटक सुरू झालें. मावसभाऊ माझ्यामागून दहा पावलांवर होता आणि स्वतःशींच बोलावें तशा सुरांत धानाच्या भावाविषयीं सांगत होता. त्याचा एकहि शब्द मला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाहीं. मला फार बरें वाटलें. डॉक्टरांचा कागद खरा, माझी शंका खोटी, असें मी मनाशीं ठरवून टाकलें.

दुसऱ्या दिवशीं मांडव भरला. हल्लींचा लग्नाचा मांडव कापडाचा नसतो, आवाजाचा असतो. पुरुषभर उंचीचे कर्णे दोहों बाजूंना उभे होते, आणि त्यांच्या ठोक्यासरशीं ताटांतल्या वरणावर तरंग उठत होते. मावशी माझ्या शेजारीं येऊन बसली. ती सत्तरी ओलांडलेली. ओरडून बोलण्याची तिला कधींच संवय नाहीं. तिनें इकडेतिकडे पाहिलें, पदर तोंडाशीं धरला आणि वांकून माझ्या कानाशीं कांहीं म्हणाली. मला तें ऐकूं आलें. अगदीं स्वच्छ ऐकूं आलें असेंच त्या क्षणीं वाटलें. "उद्या राहशील का?" लहानपणापासून दर सुटीला मावशी मला हाच प्रश्न विचारीत आली होती. मीं हंसून मान हलविली आणि म्हटलें, "नाही गं मावशी, या खेपेला नाही जमायचं. पुढच्या वेळीं नक्की." तिनें माझ्याकडे एकवार पाहिलें, "बरं" म्हणाली, आणि उठून बायकांत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें मी नागपुरास परतलों.

तिसऱ्या आठवड्यांत मावसभावाचा फोन आला. मावशीच्या छातींत रात्रीं कळ आली होती आणि तिला गोंदियास दवाखान्यांत हलविलें होतें. ती वांचली, हें आधींच सांगून टाकतों. मी धांवतपळत पोहोंचलों तेव्हां ती खाटेवर पडून होती. मला पाहून ती रागावली नाहीं. तें जास्त लागलें. एवढेंच म्हणाली, "मीनं तं तुले म्हटलं होतं बापू, उद्या मले नेशील का म्हून. तू नाही म्हनलास."

तिची छाती महिनाभर दुखत होती. लग्नघरांत मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून तिनें तें कोणास सांगितलें नव्हतें. नागपूरच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवून यावें, असा तिचा बेत होता. गोंगाटांत दुसऱ्या कोणास ऐकूं जाणार नाहीं म्हणूनच तिनें मांडवांत विचारलें. ज्या गोंगाटाच्या आडोशानें तिनें आपलें दुखणें सांगितलें, त्या गोंगाटानेंच तें गिळून टाकलें. 'नेशील का' आणि 'राहशील का'! शेंपूट दोहोंचें एकच. पुढचें अक्षर तेवढें बुडालें, आणि तें मीं माझ्या पदरचें घालून वाक्य पुरें केलें. मावशीला आतां काय सांगावें? "मला ऐकूं आलें नाहीं" म्हणावें, तर तलावापलीकडची टिटवी ऐकणारा मीच, आणि कान उत्तम असल्याचा कागदहि माझ्याच कपाटांत. बहिऱ्याला लोक क्षमा करतात. ज्याचे कान शाबूत आहेत त्यानें ऐकलें नाहीं, तर त्याला ऐकावयाचेंच नव्हतें, असाच अर्थ होतो.

यानंतर मीं या विषयाचा पिच्छा पुरविला, आणि जें हातीं लागलें तें आज आपणांसमोर मांडीत आहें.

कानाची नेहमींची चांचणी नेमकें काय मोजते? सेकंदाला २५० पासून ८००० कंपनांपर्यंतचे शुद्ध स्वर, एका वेळीं एकच, पूर्ण शांततेंत ऐकवावयाचे आणि त्यांतला किती क्षीण स्वर माणसाला कळतो तें पाहावयाचें. २० डेसिबलच्या आंतला स्वर कळला कीं जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें कान निरोगी. ही चांचणी निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. कानांतला खरा अधूपणा तिनेंच सांपडतो. परंतु आयुष्यांत आपणांस शुद्ध स्वर ऐकवावयास कोण येतें? धानाच्या मुलखांतली उपमा द्यावयाची तर, पायलीनें धान किती मावतें तें मोजतां येतें; पण खडे, फोलपटें आणि धान वेगवेगळें करण्याचें काम पायलीचें नव्हे, तें सुपाचें. माझी पायली डॉक्टरांनीं मापून पाहिली होती. सुपाकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें.

हें सूप फार विलक्षण आहे. कानाच्या शंखांत ध्वनीची संवेदना घेणाऱ्या मुख्य पेशी अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात. त्यांच्यापासून सुमारें तीस हजार मज्जातंतु मेंदूकडे जातात. मांडवांतला बँड, मावशीचें कुजबुजणें, ताटांचा खणखणाट, हें सारें एकाच पडद्यावर एकाच वेळीं आदळतें. त्याची वेगवेगळीं गांठोडीं बांधणें हें मेंदूचें काम. त्याला मोठा आधार दोन कानांचा. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी वेळ उशिरा पोहोंचतो. तेवढ्या फरकावरून मेंदु दिशा ओळखतो आणि एका दिशेचें बोलणें उचलून घेतो. इंग्लंडांतील कोलिन चेरी या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं या प्रश्नाचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला. त्यानें माणसाच्या दोन कानांत दोन निरनिराळीं भाषणें ऐकविलीं आणि एकाकडेच लक्ष द्यावयास सांगितलें. दुसऱ्या कानांत काय बोललें गेलें तें ऐकणाऱ्यांना सांगतां येईना. त्या कानांतली भाषा मध्येंच बदलली तरी बहुतेकांच्या तें ध्यानांत आलें नाहीं. निरोगी मेंदु नको तें इतक्या सफाईनें बाजूला सारतो. आमच्यासारख्यांचा मेंदु तसें करूं शकत नाहीं. त्याच्या सुपांत खडेहि राहतात आणि धानहि सांडतें.

अशा रोग्यांची नोंद नवी नाहीं. अमेरिकेंतील कोपेट्झ्की यानें १९४८ मध्यें आणि इंग्लंडांतील किंग यानें १९५४ मध्यें त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि पुढें १९९२ सालीं हिंचक्लिफ यानें या दोघांचें नांव या तक्रारीला दिलें. मधल्या काळांत पुष्कळदां हा मनाचा खेळ समजला गेला. कान चांगले आणि ऐकूं येत नाहीं म्हणतो, तर हा माणूस एक तर भित्रा असावा नाहीं तर ढोंगी, असा तर्क करणें सोपें होतें. १९७० सालीं कारहार्ट आणि टिलमन या दोन अमेरिकन तज्ज्ञांनीं सुचविलें कीं, प्रत्येक रोग्याला गोंगाटांतलें बोलणें कितपत समजतें हें नेहमींच्या तपासणींतच पाहिलें जावें. त्या सूचनेला अर्धें शतक उलटून गेलें. आपल्याकडच्या सामान्य दवाखान्यांत मात्र अजून त्या 'पीं' वरच काम भागतें. अशीं माणसें थोडीं आहेत असेंहि नाहीं. अमेरिकेंतील बीव्हर डॅम या गांवच्या लोकांच्या वंशजांची मोठी पाहणी झाली. तिच्यावरून २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत, ज्यांचे श्रवणालेख निर्दोष होते अशांपैकीं शेंकडा १२ जणांनीं ऐकण्यास अडचण पडते असें सांगितल्याचें नमूद आहे.

याचें कारण काय? एक नव्हे, अनेक. आणि त्यांतल्या एकानें शास्त्रज्ञांना बरेंच चकित केलें आहे. बोस्टन येथील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनीं २००९ सालीं उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकविला. त्यांचें श्रवण मंदावलें, आणि कांहीं दिवसांनीं पूर्ववत् झालें. नेहमींची चांचणी केली तर उंदीर खडखडीत बरे. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां, उच्च स्वरांच्या भागांत संवेदक पेशी आणि मज्जातंतु यांना जोडणारे सांधे जवळजवळ निम्मे नाहींसे झाले होते. पेशी जिवंत, पण तारा तुटलेल्या! क्षीण स्वर कळण्यास थोड्या तारा पुरतात, म्हणून चांचणींत उणीव दिसत नाहीं. मोठ्या आवाजांत बारीक फरक टिपणाऱ्या तारा मात्र आधीं जातात असें आढळतें. २०११ मध्यें शेट आणि मॅकअल्पाइन या दोघांनीं याला 'दडलेली श्रवणहानि' अशा अर्थाचें नांव दिलें. माणसांच्या बाबतींत हें कारण कितपत लागू पडतें यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. मृत व्यक्तींच्या कानांच्या तपासणींत वय वाढतां तंतु कमी होत गेलेले दिसतात, एवढें नक्की; परंतु जिवंत माणसाच्या कानांतले सांधे मोजण्याचा सरळ उपाय नाहीं.

दुसरें कारण याहून वरच्या मजल्यावर, म्हणजे मेंदूंत असतें. डोक्याला मार लागलेल्यांत, स्फोटांच्या जवळ वावरलेल्या सैनिकांत हा दोष आढळतो. त्यांना एकेक स्वर कळतो, स्वरांची गर्दी आवरत नाहीं. कोणाच्या बाबतींत ८००० कंपनांच्या वरच्या स्वरांना कान बधिर झालेला असतो, आणि तेथपर्यंत नेहमींची चांचणी पोहोंचतच नाहीं. शिवाय स्मरणशक्ति आणि अवधान यांचाहि यांत वांटा आहे. थकलेल्या माणसाचें सूप लवकर भरतें.

आपल्या मराठीचा येथें थोडा विचार करण्यासारखा आहे. शब्दांतले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे जाड आवाजाचे आणि दमदार. ते गोंगाटावर तरंगतात. व्यंजनें क्षणिक आणि दुबळीं, तीं बुडतात. आणि आपला अर्थ तर व्यंजनांवर टांगलेला! पान, कान, दान, रान, मान हे शब्द 'आ' नें सारखे आणि पहिल्या अक्षरानें निराळे. पळ आणि फळ, बात आणि भात, ताट आणि थाट यांत तर श्वासाच्या एका झुळकेचा फरक. भरींत भर म्हणून आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, जेथें बोलणाऱ्याचा आवाज उतरलेला असतो. "मला यायचं आहे" आणि "मला यायचं नाही" यांतला सारा फरक त्या मरगळलेल्या शेंपटांत. शिवाय बोली निराळी असली कीं काम अधिक कठीण. मावशीच्या झाडीबोलींत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'र' होतो. पाण्याचें पानी आणि डोळ्याचा डोरा. शांततेंत मला ती बोली गोड लागते आणि सहज समजते. मांडवांत तीच मला परकी झाली. परभाषेचेंहि तसेंच आहे. शांततेंत जी दुसरी भाषा माणसाला आपल्या भाषेइतकी कळते, ती गोंगाटांत प्रथम दगा देते, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. मुंबईंतल्या कचेऱ्यांत किंवा परदेशांतल्या मेजवान्यांत गप्प बसणाऱ्या किती मराठी माणसांना उगाच बुजरे म्हटलें जात असेल!

ऐकण्याचें अर्धें काम डोळेहि करतात. १९५४ सालींच समबी आणि पोलॅक या दोघांनीं दाखविलें कीं, गोंगाट जितका अधिक, तितका बोलणाऱ्याचा चेहरा पाहण्याचा फायदा अधिक. याचा दाखला आपण सर्वांनीं २०२० सालीं घेतला. करोनाच्या सांथींत तोंडांवर पट्ट्या आल्या, आणि ज्यांनीं कानांविषयीं कधीं तक्रार केली नव्हती असे लोक बँकेच्या खिडकीशीं "काय? काय?" करूं लागले. मावशीनें तोंडाशीं धरलेला पदर मला त्या सांथींत वारंवार आठवला पाहिजे होता. पण लग्न सांथीनंतरचें, आणि शहाणपण त्याच्याहि नंतरचें.

मीं पुन्हां चांचणी करून घेतली, या खेपेस गोंगाटांतली. वाक्य ऐकवितात, त्याच्यामागें अनेकांच्या बोलण्याचा कालवा लावतात, आणि तो वाढवीत नेतात. बोलणें आणि कालवा जवळजवळ सारख्या जोराचे असले तरी निरोगी तरुणाला अर्ध्याच्या आसपास शब्द लागतात. मला तितके लागण्यास बोलणें कालव्याहून बरेंच मोठें करावें लागलें. अशा चांचण्या ज्या त्या भाषेंतच व्हावयास पाहिजेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रांत आहेत. निकालाचा कागद हातीं आल्यावर मला, खरें सांगावयाचें तर, आनंद झाला. आजाराचा कागद मिळून आनंद होणारे लोक थोडे असतील.

औषध नाहीं. तुटलेले सांधे जोडणारें औषध माणसांसाठीं अद्याप कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, आणि कोणी मिळतें म्हणून सांगेल तर त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु उपाय पुष्कळ आहेत. बोलणाऱ्याच्या जवळ जाणें हा त्यांतला सर्वांत स्वस्त; मोकळ्या जागीं अंतर निम्में केलें कीं आवाज ६ डेसिबलनें वाढतो, आणि हा लाभ कोणत्याहि यंत्राच्या तोडीचा आहे. उपाहारगृहांत मी आतां भिंतीकडे पाठ करून बसतों, म्हणजे मागून येणारा गोंगाट तरी तुटतो. समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी खुर्ची त्याला देतों. उघड्या फरशीच्या आणि कांचेच्या खोलींत आवाज घुमतो. पडदे, सतरंज्या, पुस्तकांची कपाटें त्याला शोषून घेतात. पूर्वींच्या दिवाणखान्यांतली जाजमें आणि तक्के नुसते ऐटीचे नव्हते, असें मला आतां वाटतें. वर्गांत मी बांकांच्या मधून फिरत शिकवितों, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारीं जाऊन उभा राहतों. बोलणाऱ्यानें गळ्याशीं लावावयाचा लहानसा ध्वनिग्राहक आणि ऐकणाऱ्याच्या कानांत त्याचा आवाज पोहोंचविणारें यंत्र, अशीहि सोय आहे. कांहींना हलक्या शक्तीच्या श्रवणयंत्राचाहि उपयोग होतो. तें ज्याचें त्यानें जाणकार तज्ज्ञाच्या सल्ल्यानें ठरवावें. आणि ज्याला अशी शंका येईल त्यानें प्रथम साधी चांचणी करून घ्यावी. कानांत मळ असेल, एक कान अधू असेल, आणि आपण उगीच मेंदूला दोष देत बसाल. एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टर गांठावा.

घरांतल्या मंडळींनींहि थोडें करावयाचें आहे. "काय?" असें विचारतांच तेंच वाक्य मोठ्यानें ओरडून सांगूं नका, शब्द बदलून सांगा. आधीं विषय सांगा, मग मुद्दा. "लग्नाचं म्हणत होतें" एवढें म्हटलें कीं ऐकणाऱ्याचा मेंदु त्या विषयांतले शब्द हाताशीं घेऊन बसतो. आणि कृपा करून "जाऊं दे, कांहीं नाहीं" असें म्हणूं नका. आम्हां लोकांना न कळलेल्या वाक्यापेक्षां हें वाक्य अधिक टोंचतें, आणि दुर्दैवानें तें नेहमीं स्वच्छ ऐकूं येतें.

राहतां राहिला गोंगाट. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गणेशविसर्जनाच्या वेळीं तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंडळी वर्षानुवर्षें आवाज मोजीत आली आहे, आणि तो कित्येकदां शंभर डेसिबलच्या आसपास भरला आहे. म्हणजे बोस्टनच्या उंदरांना जें दोन तास मुद्दाम ऐकवावें लागलें, तें आपण हौसेनें ऐकतों आणि मुलांनाहि खांद्यावर घेऊन ऐकवितों. २००० सालचा नियम अजून पुष्कळ मांडवांना ऐकूं गेलेला नाहीं. त्यांचेहि कान एकदां तपासून घ्यावयास हरकत नाहीं. ढोल वाजविणाऱ्या तरुणांनीं कानांत बोळे घालावेत, एवढें तरी मी हात जोडून सांगतों. उत्सवाचें त्यानें कांहीं कमी होणार नाहीं.

मावशीला मीं हें सर्व समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. पेशी, तंतु आणि सांधे यांत तिला रस वाटला नाहीं. सुपाची उपमा तेवढी तिला पटली. "सूप फाटलं तं का करतेस, हातानं निवडाव लागते," ती म्हणाली.

गेल्या दिवाळींत मी पुन्हां चोरखमाऱ्यास गेलों होतों. घर माणसांनीं भरलेलें, ओसरीवर दूरदर्शनसंच चालू, अंगणांत पोरांचे फटाके. मावशी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला कांहीं सांगावयाचें होतें हें तिच्या चेहऱ्यावरून कळलें, पण ती बोलली नाहीं. तिनें माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि मला मागच्या दारानें, गोठ्यावरून, थेट तलावाच्या पाळीवर नेलें. तेथें मावळतीच्या उजेडाकडे तोंड करून ती उभी राहिली, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "आता आयकू येते ना?" मीं होय म्हटलें. मग तिनें सांगितलें कीं, छातीच्या गोऱ्या दोन दिवसांपूर्वीं संपल्या आहेत आणि पोरांनीं अजून आणून दिल्या नाहींत. पाण्यापलीकडे टिटवी ओरडत होती. तरी त्या 'गोऱ्या' म्हणजे 'गोळ्या', हें मला पहिल्याच वेळेस समजलें.